'नो डिस्क' : पुसदचे आवाज, कोरी तबकडी आणि १९८० चा एक करार (धागा)

संगणकावर खणखणीत वाजणारी सीडी घरच्या प्लेअरमध्ये का वाजत नाही? एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात पुसद, दिग्रस, उमरखेड, महागाव या पट्ट्यात, किंबहुना महाराष्ट्रातील प्रत्येक तालुक्याच्या गावी, हा प्रश्न विचारला गेला. दुकानात गाणे ऐकून, पैसे देऊन सीडी घरी आणावी, प्लेअरच्या कप्प्यात ठेवावी, तबकडी दोन-तीनदा गरगरावी आणि पडद्यावर अक्षरे उमटावीत : 'नो डिस्क'.

सीडी मारून देणारा म्हणे, प्लेअरची लेन्स गेली आहे. लेन्स पाहणारा म्हणे, सीडीच भंगार आहे. दोघेही पूर्णपणे चूक नसत. मात्र खरे उत्तर या दोघांच्या दुकानांत नव्हते. ते फिलिप्स आणि सोनी या दोन कंपन्यांनी १९८० साली ठरवलेल्या एका मानकात होते. लाल मुखपृष्ठामुळे ते 'रेड बुक' म्हणून ओळखले जाते.

हा इतिहास पुसदच्या संदर्भात वाचण्याचे कारण आहे. पूस नदीकाठचे हे गाव राजकीय इतिहासात दोन मुख्यमंत्र्यांमुळे येते : वसंतराव नाईक (१९६३ ते १९७५) आणि सुधाकरराव नाईक (१९९१ ते १९९३). त्यांच्याविषयी छापील साधने भरपूर आहेत. परंतु ज्या तांड्यांतून हे घराणे पुढे आले, त्या तांड्यांचा इतिहास मुख्यतः कंठात राहिला. गोरबोलीचे वर्णन ग्रिअर्सन यांच्या भाषिक सर्वेक्षणाच्या नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात, १९०७ साली, 'बंजारी अथवा लभाणी' या नावाखाली छापले गेले. तरी या बोलीला सर्वत्र रूढ अशी स्वतःची लिपी नाही. महाराष्ट्रात ती देवनागरीत लिहिली जाते, तेलंगणात तेलुगू लिपीत, कर्नाटकात कन्नडमध्ये. २०११ च्या जनगणनेने तर तिला हिंदीच्या पोटात मोजले. अशा भाषेसाठी होळीची लेंगी, लग्नातील स्त्रियांची गाणी, सेवालाल महाराजांविषयीची कवने यांचे ध्वनिमुद्रण हेच अव्वल दर्जाचे साधन ठरते. लिहिलेला शब्द तेथे दुय्यम आहे.

याच भूमीवर गुरुदेव सेवा मंडळांची खंजिरीवरची भजने आहेत, १४ एप्रिलच्या रात्रभर चालणारी भीमगीते आहेत, हरिनाम सप्ताहातील कीर्तने आहेत. यांतील फार थोडे कुणा कंपनीने कधी मुद्रित केले. बाकीचे लोकांनीच टेपरेकॉर्डर समोर ठेवून भरून घेतले.

कॅसेट हे अत्यंत क्षमाशील माध्यम होते. फिलिप्सने १९६३ साली ती आणली आणि १९८० च्या दशकात भारतात तिचा पूर आला. एका टेपवर भरलेली कॅसेट दुसऱ्या टेपवर वाजते की नाही, हा प्रश्नच सहसा उद्भवत नसे. फीत गुंतली तर पेन्सिल घालून गुंडाळावी, तुटली तर चिकटपट्टीने जोडावी. आवाज बसका येईल, घरघर येईल, पण येईल. कॅसेट हळूहळू म्हातारी होते. सीडीला म्हातारपण नाही. ती एक तर वाजते, नाही तर 'नो डिस्क' म्हणते. माध्यमाच्या स्वभावातील या फरकाची कल्पना नसताना लोकांनी आपल्या कॅसेटी सीडीवर उतरवून घेतल्या आणि मूळ कॅसेटी अडगळीत टाकल्या. हा व्यवहार किती महाग पडला, ते पुढे दिसेल.

आता त्या कराराकडे. रेड बुकने ठरवले की तबकडी १२० मिलिमीटर व्यासाची आणि १.२ मिलिमीटर जाडीची असेल. आवाजाचे दर सेकंदाला ४४,१०० नमुने घेतले जातील आणि प्रत्येक नमुना १६ बिटांचा असेल. ४४,१०० ही विचित्र संख्या कोठून आली? सुरुवातीचे डिजिटल ध्वनिमुद्रण व्हिडिओ टेपवर साठवले जाई. सेकंदाला ६० क्षेत्रे, प्रत्येक क्षेत्रात वापरण्याजोग्या २४५ ओळी, प्रत्येक ओळीत ३ नमुने : गुणाकार ४४,१००. युरोपीय पद्धतीत ५० क्षेत्रे आणि २९४ ओळी घेतल्या तरी उत्तर तेच. म्हणजे सीडीच्या पोटात व्हिडिओ कॅसेट दडलेली आहे. नवे तंत्र जुन्याच्या अंगणातच जन्मते, याचे इतके सरळ उदाहरण क्वचित सापडते.

१ ऑक्टोबर १९८२ रोजी जपानमध्ये पहिला प्लेअर विक्रीस आला, तेव्हा घरी सीडी लिहिण्याची कल्पना या करारात नव्हती. कारखान्यातील सीडी साच्यातून दाबून काढतात. प्लास्टिकमध्ये सूक्ष्म खळगे उमटतात, त्यांवर ॲल्युमिनियमचा थर चढतो. प्लेअरचा ७८० नॅनोमीटरचा अवरक्त लेसर त्यावर पडतो. सपाट भागावरून प्रकाश भरपूर परततो, खळग्यावरून कमी. करारानुसार सपाट भागावरून किमान ७० टक्के प्रकाश परत यावा लागतो. प्रत्येक प्लेअर हे गृहीत धरून घडवला गेला.

कोऱ्या तबकडीत खळगे नसतात. तिच्यात एक रंगद्रव्याचा थर असतो. लिहिणाऱ्या यंत्राचा तीव्र लेसर तो थर जागोजागी बदलतो आणि तेथून प्रकाश कमी परततो. वाचणाऱ्या लेसरला वाटते की खळगा आला. जपानच्या तायो युदेन कंपनीने १९८८ साली अशी तबकडी सिद्ध केली आणि पुढे 'ऑरेंज बुक' या मानकाने तिला मान्यता दिली. थोडक्यात, घरी मारलेली सीडी ही खऱ्या सीडीची अत्यंत हुशार नक्कल आहे. तिचे सारे यश जुन्या यंत्राला फसवण्यात आहे. 'माझी सीडी वाजत नाही' याचा अर्थ बहुतेक वेळा एवढाच असतो की ही फसवणूक कोठेतरी उघडी पडली.

कोठे कोठे उघडी पडत असे?

पहिली जागा प्रकाशाची. कोऱ्या सीडीवरून साधारण ६५ टक्के वा थोडा अधिक प्रकाश परततो. चांगल्या प्लेअरला तेवढा पुरतो. लेन्सवर धूळ बसलेल्या, लेसर थकलेल्या प्लेअरला पुरत नाही. म्हणून विकतची सीडी वाजे आणि मारलेली वाजत नसे, आणि म्हणूनच लेन्सचा दोष सांगणारा दुकानदार अर्धा बरोबर असे. पुन्हा पुन्हा लिहिता येणारी आरडब्ल्यू सीडी १९९७ च्या सुमारास आली. तिच्यावरून जेमतेम १५ ते २५ टक्के प्रकाश परततो. काटकसर म्हणून आरडब्ल्यूवर गाणी भरून घेणाऱ्याच्या घरी जुना प्लेअर असेल, तर त्यात प्लेअरचाही दोष नाही आणि मारणाऱ्याचाही नाही.

डीव्हीडी प्लेअरची गंमत आणखी वेगळी. डीव्हीडी वाचण्यासाठी ६५० नॅनोमीटरचा तांबडा लेसर लागतो. कोऱ्या सीडीचे रंगद्रव्य या प्रकाशाला आरसा न ठरता तो शोषून घेते. ज्या सुरुवातीच्या डीव्हीडी प्लेअरमध्ये सीडीसाठी वेगळा अवरक्त लेसर नव्हता, त्यांना मारलेली सीडी दिसतच नसे. अधिक महाग, अधिक नवे यंत्र, आणि तेच आंधळे! पुढच्या यंत्रांत दोन्ही लेसर आले आणि हा घोळ मिटला.

दुसरी जागा भाषेची. 'सीडी' हा एक शब्द तीन वेगवेगळ्या वस्तूंसाठी वापरला जाई. ऑडिओ सीडीत फाइली नसतात. आवाजाचा एक अखंड सर्पिल प्रवाह असतो, आतून बाहेर जाणारा, उलगडला तर पाच किलोमीटरांहून लांब. एमपीथ्री सीडी ही संगणकाची डेटा सीडी असते. तिच्यात फोल्डर आणि फाइली असतात. व्हीसीडीची मांडणी तिसरीच. ऑडिओ सीडीत ७४ किंवा ८० मिनिटे मावतात. त्याच तबकडीवर सर्वसाधारण दर्जाची एमपीथ्री गाणी भरली तर सुमारे १२ तास मावतात. ग्राहकाला अर्थातच १२ तास हवे असत, आणि २००० नंतर घरोघर आलेले स्वस्त व्हीसीडी प्लेअर एमपीथ्री वाजवतही. पण मामाच्या घरचा जुना, फक्त ऑडिओ सीडी वाजवणारा प्लेअर त्या तबकडीपुढे मुका होई. 'ऑडिओ मारू की एमपीथ्री?' हा प्रश्न दुकानदाराने विचारणे आवश्यक होते. घाईच्या वेळी तो विचारला जात नसे.

तिसरी जागा अनुक्रमणिकेची. प्लेअर तबकडी घेताच सर्वांत आतला पट्टा वाचतो. कोणते गाणे कोठे सुरू होते, याची यादी तेथे असते. लिहिणारे यंत्र ही यादी सर्वांत शेवटी, 'फायनलाइज' म्हणजे तबकडी बंद करताना लिहिते. तोपर्यंत तात्पुरती नोंद एका वेगळ्या जागी राहते आणि ती जागा फक्त लिहिणाऱ्या यंत्रालाच वाचता येते. 'उरलेल्या जागेत नंतर आणखी दोन गाणी टाकू' म्हणून सीडी उघडी ठेवली, की दुकानाच्या संगणकावर ती वाजे आणि घरी 'नो डिस्क'. सर्वाधिक फसवा प्रकार हाच, कारण यात तबकडी उत्तम असते, आवाज पूर्ण उतरलेला असतो, फक्त दार लावलेले नसते. आणि यावर उपायही सर्वांत सोपा : तीच सीडी पुन्हा रायटरमध्ये घालून बंद करावी.

अखंड गायनाच्या बाबतीत आणखी एक निर्णय महत्त्वाचा होता. 'ट्रॅक ॲट वन्स' या पद्धतीत प्रत्येक गाण्यानंतर लेसर थांबतो आणि मध्ये दोन सेकंदांची पोकळी राहते. 'डिस्क ॲट वन्स'मध्ये लेसर एका दमात पूर्ण तबकडी लिहितो. चित्रपटगीतांना पहिली पद्धत चालते. पण कीर्तनाच्या मध्यावर, भजनाच्या चढत्या ठेक्यावर सोयीसाठी भाग पाडले असतील, तर दर पाच मिनिटांनी टाळ हवेत थांबल्यासारखा होतो. पुढच्या अभ्यासकाने अशा जागी गायक थांबला, असे समजू नये. तो थांबला नव्हता. लेसर थांबला होता.

ज्या सॉफ्टवेअरमध्ये हे पर्याय निवडायचे, त्याचे नाव बहुतेकांना पाठ होते : नीरो. 'नीरो बर्निंग रॉम' हे जर्मन कंपनीने केलेले शब्दखेळाचे नाव, आणि चिन्ह म्हणून जळते कोलोसियम. इतिहासाच्या विद्यार्थ्याला येथे थोडे थांबावेसे वाटेल. रोम जळाले इसवी सन ६४ मध्ये, नीरो मेला ६८ मध्ये, आणि कोलोसियमच्या बांधकामास त्यानंतर व्हेस्पेशियनच्या कारकिर्दीत प्रारंभ झाला. जगभरातील कोट्यवधी संगणकांवर ही कालविसंगती वर्षानुवर्षे नांदली.

आता जळण्याविषयीच. लिहिताना लेसर थांबू शकत नसे, कारण तबकडी फिरतच असते. संगणकाकडून माहिती पोहोचण्यास क्षणाचा उशीर झाला तरी ओघ तुटे आणि तबकडी वाया जाई. म्हणून सीडी मारताना संगणकाला हात लावायचा नाही, असा दंडक होता. सान्यो कंपनीने २००० साली 'बर्न-प्रूफ' तंत्र आणले. त्यात लेसर थांबून नेमक्या जागेपासून पुन्हा लिहू लागला. पण विदर्भातील दुकानदाराचा खरा शत्रू निराळा होता. २००५ नंतरची काही वर्षे महाराष्ट्राचा ग्रामीण भाग प्रदीर्घ भारनियमनात होता. वीज गेली की बर्न-प्रूफही निरुपयोगी. अर्धवट लिहिलेली तबकडी चहाच्या कपाखाली ठेवण्यापलीकडे कामाची राहत नसे. वेळापत्रकाप्रमाणे वीज जाण्याआधी चार सीड्या उरकायच्या म्हणून सर्वोच्च वेग निवडला जाई, आणि त्या घाईचे परिणाम पुढे घरी प्रकट होत.

वेगाविषयी एक समज आजही टिकून आहे की जितका मंद वेग, तितकी सीडी उत्तम. १९९० च्या दशकातील तबकड्यांसाठी तो खरा होता. नंतरच्या ५२ एक्स तबकड्यांचे रंगद्रव्य जलद लेखनासाठी घडवलेले होते. त्यांना फार मंद लेसर मानवत नाही. १६ एक्सच्या आसपासचा मधला वेग त्यांना सामान्यतः सोसतो. ८० मिनिटांच्या तबकडीत सर्पिलाचे वेढे अधिक जवळ असतात. सीडीवरची पहिली बारा गाणी नीट वाजून शेवटची दोन अडखळत असतील, तर शंका तेथे घ्यावी.

स्वस्ताईचा इतिहास दिल्लीहून येतो. १९८३ साली वेळनोंदणी यंत्रांसाठी स्थापन झालेली मोझर बेअर इंडिया ही कंपनी फ्लॉपीकडे व मग कोऱ्या सीडीकडे वळली आणि जगातील मोठ्या उत्पादकांत गणली गेली. पुढे तिने चित्रपटांच्या व्हीसीडी २८ रुपयांना व डीव्हीडी ३४ रुपयांना विकून बाजार हलवला. २०१८ मध्ये ती अवसायनात निघाली. एका भारतीय कंपनीचा हा उदयास्त स्वतंत्र धाग्याचा विषय आहे. येथे एवढेच की तिच्यासारख्या उत्पादकांमुळे कोरी सीडी कॅसेटपेक्षा स्वस्त झाली आणि गावोगावची गाणी तिच्यावर उतरली. शासनाला या व्यवहारात मुख्यतः चाचेगिरी दिसली. २००९ साली महाराष्ट्राने झोपडपट्टीदादा व हातभट्टीवाल्यांसाठीच्या १९८१ च्या प्रतिबंधक कायद्यात व्हिडिओ चाच्यांनाही बसवले. चित्रपटांच्या नकला निघत होत्या, हे खरेच. पण त्याच यंत्रातून जी लेंगी निघाली, तिचा हक्क सांगणारी कोणतीही कंपनी नव्हती आणि तिची प्रत जपणारे कोणतेही ग्रंथालय नव्हते.

त्या तबकड्यांचे आज काय झाले असेल? लोक सीडीची चमकती बाजू जिवापाड जपत आणि वरच्या बाजूवर बॉलपेनने नाव कोरत. वस्तुस्थिती उलट आहे. चमकत्या बाजूला जाड प्लास्टिकचे संरक्षण असते. परावर्तक थर वरच्या बाजूस, लाखेच्या पातळ लेपाखाली असतो. खालचा ओरखडा पुष्कळदा पुसून काढता येतो, वरचा ओरखडा आवाज कायमचा नेतो. चिकटवलेले गोल लेबल एका कडेने सुटले की तबकडी डुलते. आणि रंगद्रव्याला ऊन सोसत नाही. यवतमाळ जिल्ह्यात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांकडे जातो. पत्र्याखालच्या कपाटात वा गाडीच्या काचेमागे राहिलेली सीडी वरून कोरीकरकरीत दिसली, तरी आतून पुसली जात असते.

सर्वांत मोठा घात मात्र उन्हाने केला नाही. संगणकात ऑडिओ सीडी उघडली की विंडोज तेथे 'ट्रॅक०१', 'ट्रॅक०२' अशा फाइली दाखवते. त्या 'सीडीए' फाइली फक्त ४४ बाइटांच्या असतात. गाणे कोठे सुरू होते आणि किती लांब आहे, एवढीच नोंद त्यांत असते. आवाज नसतो. तबकडीवर आवाज फाइलरूपात नसल्याने दाखवण्यासाठी केलेली ती सोय होती. ज्यांनी या फाइली पेनड्राइव्हवर उतरवल्या, 'कॉपी झाली' असे पाहून समाधान मानले आणि सीडी टाकून दिली, त्यांच्याकडे आज आजीच्या गाण्याचा पत्ता आहे. घर नाही.

म्हणून घरात अशी तबकडी असेल, तर तिच्यातील आवाज 'कॉपी' न करता 'रिप' करावा लागतो. एग्झॅक्ट ऑडिओ कॉपीसारखी सॉफ्टवेअरे प्रत्येक तुकडा पुन्हा पुन्हा वाचून ताडून पाहतात. फाइल एमपीथ्रीत न करता वेव्हमध्ये ठेवावी. एका ड्राइव्हने 'नो डिस्क' म्हटले तर तबकडी मेली, असे मानू नये. दुसऱ्या कंपनीचा ड्राइव्ह, विशेषतः लिहिणारा ड्राइव्ह, तीच तबकडी वाचतो, हे वारंवार दिसते. खरचटलेल्या ऑडिओ सीडीत एक अनपेक्षित दिलासाही आहे. तिच्यातील चूक दुरुस्त झाली नाही तर प्लेअर मधला नमुना अंदाजाने भरून पुढे जातो. टिक असा आवाज येतो आणि गाणे चालू राहते. डेटा सीडीला असा अंदाज करण्याची मुभा नाही. तिच्या प्रत्येक तुकड्यात चुका सुधारण्यासाठी जास्तीची तजवीज असते, पण ती तजवीजही संपली की फाइल उघडण्यास साफ नकार मिळतो.

आणि मूळ कॅसेट अजून माळ्यावर असेल, तर आधी तिच्याकडे जावे. सीडी ही तिची नक्कल आहे, आणि पुष्कळदा वाटेत एमपीथ्रीची काटछाट सोसलेली नक्कल. एकदा गाळलेला आवाज पुन्हा ऑडिओ सीडीवर लिहिला म्हणून परत येत नाही. ध्वनिसंग्रहांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची शिफारस अशी की जुन्या फितींचे डिजिटल रूप किमान ४८,००० नमुने आणि २४ बिट या दर्जाने करावे. म्हणजे सीडीच्या करारापेक्षा वरच्या दर्जाने. जी कॅसेट जुनाट म्हणून बाजूला पडली, ती आजही साध्या टेपवर घरघरत का होईना बोलते.

उरतो कालनिश्चितीचा प्रश्न. तबकडीवर मार्करने 'लेंगी' किंवा 'भीमजयंती' एवढेच लिहिलेले असते. साल नाही, तांड्याचे नाव नाही, गाणारीचे तर नाहीच. रेड बुकच्या अनुक्रमणिकेत मुद्रणाच्या तारखेला जागा नाही. परंतु कोऱ्या तबकडीच्या आतील चरात कारखान्यातच एक सूक्ष्म लहर उमटवलेली असते. तिच्यात निर्मात्याचा संकेत, रंगद्रव्याचा प्रकार आणि तबकडीची क्षमता यांची नोंद असते. लिहिणारा ड्राइव्ह ती वाचू शकतो. निर्माता आणि क्षमता कळली की तबकडी साधारण कोणत्या वर्षांतली, याचा अंदाज बांधता येतो. ही तारीख तबकडीची. गाण्याची तारीख मात्र घरातील वडीलधाऱ्या माणसाला विचारून आजच लिहून ठेवावी लागेल : कोणाचा आवाज, कोणता तांडा, कोणत्या वर्षीची होळी.